अनुमोदना : रुग्णाची संमती आणि आपले संस्कार



या व्याख्यानमालेत आजवर संत, इतिहास, संगीत आणि नाटक या विषयांवर मोठ्या अधिकाराची माणसं बोलून गेली आहेत. मी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या देणारा माणूस. साहित्याशी माझा संबंध म्हणजे आपल्या मंडळाच्या वाचनालयाची वर्गणी मी वेळेवर भरतो, एवढाच. तरीही तुम्ही बोलावलंत. त्याचं एक कारण माझ्या लक्षात येतं. तुमच्यापैकी निम्म्या घरांतल्या तीन पिढ्या माझ्या बाकावर बसून गेल्या आहेत. आमचं मूळ घर वऱ्हाडातल्या कारंज्याचं. आजोबा कापसाच्या व्यापारात मुनीम म्हणून देवासला आले आणि इथलेच झाले. धर्माने जैन, घरात मराठी, दारात मालवी आणि दवाखान्यात हिंदी असा आमचा संसार. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते घरातल्या माणसानं घरात बोलावं तसंच.

सुरुवात धारच्या एका गोष्टीने करतो. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त भोजराजाच्या डोकेदुखीची कथा आहे. कोणाच्याच उपायाला ती दाद देईना. तेव्हा अश्विनीकुमार वैद्यांच्या वेषात आले, त्यांनी मोहचूर्णाने राजाची शुद्ध घालवली, कवटी उघडली, आतलं दुखणं काढलं, कवटी पुन्हा जोडली आणि राजाला शुद्धीवर आणलं. ही कथा आहे, इतिहास नव्हे. भोजानंतर कितीतरी शतकांनी ती लिहिली गेली. पण मला तिच्यातली एक जागा फार विचार करायला लावते. एवढा धारानगरीचा स्वामी, पण शस्त्रक्रियेच्या वेळी त्यालाही बेशुद्ध व्हावं लागलं. आपलं शरीर दुसऱ्याच्या हाती देऊन डोळे मिटायचे, हे राजाला चुकत नाही आणि रंकालाही चुकत नाही. डोळे मिटण्याच्या आधीचा जो क्षण असतो, त्या क्षणी त्या माणसाला कोणी काय सांगितलं आणि तो काय म्हणाला, हा माझा आजचा विषय.

कायद्याच्या भाषेत याला माहितीपूर्ण संमती म्हणतात. आपल्याकडे तिचं रूप ठरलेलं आहे. इंदूरच्या मोठ्या इस्पितळात रात्री अकरा वाजता एक मुलगा फाइल घेऊन येतो. ‘इथं, इथं आणि इथं सही करा.’ काका, मामा, जावई असे चौघं उभे असतात. ज्यात इंग्रजी जास्त त्या कागदावर सही लवकर होते. रुग्ण आत असतो. त्याला कोणी विचारत नाही.

माझ्या दवाखान्यातही हेच, फक्त लहान प्रमाणात. चाळीस वर्षांचा नवरा बायकोला घेऊन येतो. मी तिला विचारतो, ‘काय होतंय?’ उत्तर तो देतो. मी तिला विचारतो, ‘झोप लागते का?’ उत्तर पुन्हा तोच देतो. मग मी त्याला बाहेर जाऊन पेट्रोल भरून यायला सांगतो. एरवी शब्दही न काढणारी ती बाई पुढची वीस मिनिटं बोलते. धारच्या बाजूचे भिल्ल बांधव येतात ते एकटे येत नाहीत, दहा-बारा जण येतात. तालुक्याच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलेलं असतं, पण आधी बडव्याला विचारायचं असतं, मग वडीलधाऱ्यांना, मग सगळे मिळून झाडाखाली बसणार. पूर्वी मला याचा राग येई. आता येत नाही. कारण त्या झाडाखाली दुखणाऱ्या म्हाताऱ्यालाही बसवलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यानं ‘नको’ म्हटल्यावर बाकीचे उठून गेलेलेही पाहिले आहेत. आपल्या सुशिक्षित वाड्यांत मात्र बैठक दिवाणखान्यात होते आणि दुखणेकरी माजघरात पडून असतो.

जुन्या ग्रंथांनी काय सांगितलं

‘संमती ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, आपल्याकडे वैद्यावर विश्वास असतो,’ असं अनेकदा ऐकू येतं. यातला पहिला भाग बरोबर नाही. सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना स्पष्ट म्हटलं आहे की काही न केलं तर मृत्यू नक्की, आणि केलं तर गुण येईल की नाही याचा संशय. म्हणून आधी राजाची, म्हणजे धन्याची अनुज्ञा घ्यावी आणि मगच शस्त्र हाती धरावं. चरकाने उदररोगाच्या अध्यायात, विषाचा प्रयोग करण्याची वेळ येते तिथे, हेच सांगितलं आहे आणि कोणाला विचारायचं त्याची यादीही दिली आहे. आप्त, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरुजन. या सगळ्यांना धोका समजावून सांगावा आणि अनुज्ञा घेऊन उपचार करावा.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला धोका लपवायचा नाही, तो उघड बोलायचा, हे कळत होतं. याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण ती यादी पुन्हा मनात वाचा. आप्त आहेत, मित्र आहेत, राजासुद्धा आहे. ज्याच्या पोटात ते विष जायचं तो मात्र यादीत नाही.

यावर आपण आजच्या जगात राहतो असं म्हणून सुटका होत नाही. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 सालची डॉक्टरांसाठीची आचारसंहिता घ्या. ऑपरेशनपूर्वी लेखी संमती कोणाची घ्यावी, त्याचा क्रम तिच्यात असा आहे : नवरा किंवा बायको, अज्ञान मुलाच्या बाबतीत आईवडील किंवा पालक, आणि मग, प्रसंगानुसार, स्वतः रुग्ण. दोन हजार वर्षांनी रुग्ण यादीत आला खरा, पण शेवटच्या जागी.

चरकाचं आणखी एक वचन आहे. रुग्णाचं आयुष्य थोडं उरलं आहे हे वैद्याला कळलं तरी, जिथे ते बोलल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्याला इजा होईल, तिथे बोलू नये. आम्ही डॉक्टरांनी आणि तुम्ही नातेवाइकांनी या वचनाचा पुढचा भाग घट्ट धरला आणि ‘जिथे इजा होईल तिथे’ ही अट सोडून दिली. आता आपण सगळीकडेच बोलत नाही.

न्यायालयाने काय सांगितलं

कायदा या बाबतीत आपल्या संस्कारांच्या पुढे गेला आहे. आपल्याच मध्य प्रदेश हायकोर्टाचा 1985 सालच्या निकालसंग्रहात छापलेला एक खटला आहे. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी परवानगी घेतली. पोट उघडल्यावर अपेंडिक्स ठीक निघालं, म्हणून सर्जननी पित्ताशय काढलं. बाई वाचल्या नाहीत. कोर्टाने म्हटलं की ज्याची परवानगी दिली ते एक आणि केलं ते दुसरं. सर्जन जबाबदार ठरले.

मग 16 जानेवारी 2008 रोजी सुप्रीम कोर्टाचा समीरा कोहली खटल्यातला निकाल आला. दिल्लीच्या एका अविवाहित, सज्ञान बाईंनी फक्त तपासणीसाठी दुर्बीण घालण्याची परवानगी दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेऊन मोठं ऑपरेशन करण्यात आलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की आईने होकार दिला होता. कोर्ट म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, समजदार आहे, फक्त काही वेळापुरती बेशुद्ध आहे आणि जिवावर बेतलेलं नाही. अशा वेळी ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही मुलीच्या जागी चालत नाही. तपासणीची परवानगी ही उपचाराची परवानगी होत नाही.

त्या निकालात काय काय सांगायला हवं तेही आलं आहे. ते तुम्ही लक्षात ठेवा, कामाला येईल. काय करणार आहात आणि कशासाठी. दुसरा काही मार्ग आहे का. मोठे धोके कोणते. आणि उपचार नाकारला तर काय होईल. हे चार प्रश्न तुम्ही विचारलेत म्हणून कोणी डॉक्टर रागावले, तर तो राग त्यांच्याजवळच राहू द्या.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखाने मागतात. कायदा आणि काउंटर यांच्या मध्ये आपला समाज उभा आहे.

माझी सही

आता मी माझ्या स्वतःबद्दल बोलतो. हे मी कधी कोणत्या सभेत बोललेलो नाही.

माझ्या आईला सत्तरीनंतर पोटाचा कॅन्सर निघाला. इंदूरला नेलं. सर्जननी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, ‘तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, तुम्हाला काय सांगायचं?’ आणि फॉर्म पुढे केला. मी सही केली. आम्ही भावंडांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही. तिला सांगितलं, आतड्याला सूज आहे, ती काढली की बरं वाटेल. ऑपरेशन झालं. ती घरी आली. त्यानंतर साडेचार महिने जगली.

आई पक्की श्राविका होती. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसे. आयुष्यभर तिची एकच इच्छा होती आणि ती तिनं आम्हा सगळ्यांना शंभर वेळा सांगितली होती. शेवट शुद्धीत व्हावा, सगळ्यांची क्षमा मागून व्हावा, एकेक वस्तू स्वतःच्या हाताने सोडत व्हावा. आमच्यात याला समाधिमरण म्हणतात. तिची धाकटी बहीण कारंज्याला होती. घराच्या वाटणीवरून दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. त्या भाद्रपदात, क्षमावाणीच्या दिवशी, आई मला म्हणाली, ‘हिच्याकडे एकदा जायला हवं. पण आता प्रवास झेपत नाही. जरा ताकद येऊ दे, मग जाऊन येते.’ मी म्हटलं, ‘हो, थंडी संपली की जाऊ.’ मला माहीत होतं की थंडी संपताना ती नसणार.

मार्गशीर्षात वेदना वाढल्या. औषधाच्या गुंगीत तिला दिवस-रात्र कळेना. मावशी आली ती तेराव्याच्या आधी दोन दिवस. आई गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला सांगितलं की तिला शंका आली होती. काकूंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझा मुलगा डॉक्टर आहे. तो म्हणतो बरी होशील. तो खोटं कशाला बोलेल?’

मी तिला दुःखापासून वाचवलं असं मला त्या वेळी वाटत होतं. खरं पाहता तिनं आयुष्यभर ज्याची तयारी केली होती, त्याची वेळ आली आहे हेच मी तिला कळू दिलं नाही. आजार माझा नव्हता, मरण माझं नव्हतं, मावशीशी भांडण माझं नव्हतं. सही मात्र माझी होती.

तीन करण, तीन योग

त्यानंतर मी आमच्याच धर्मग्रंथांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आमच्याकडे कर्माचा हिशेब नऊ प्रकारांनी मांडतात. एखादी गोष्ट स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कोणी केली तर तिला मान्यता देणं, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदित. ही तिन्ही पुन्हा मनाने, वाणीने आणि कायेने. तीन त्रिक नऊ. यात अनुमोदनेचं वजन करण्याइतकंच मानलं आहे. हात मी लावला नाही, फक्त ‘हो’ म्हटलं, या सबबीला आमच्याकडे जागा नाही.

संमती म्हणजे अनुमोदनाच. मग ती मनाने, वाणीने आणि कायेने अशी तिन्ही प्रकारांनी झाली का, हे पाहायला हवं. फॉर्मवरचा अंगठा ही कायेची अनुमोदना झाली. वाणीने काही विचारलं नाही, मनाला काही समजलं नाही, तर नऊ हिश्श्यांतले किती पुरे झाले? इस्पितळाची कायद्याची बाजू त्या अंगठ्याने कदाचित सावरेल. माणसाची संमती त्याने झाली असं मी म्हणणार नाही.

सल्लेखनेबद्दल बाहेर पुष्कळ गैरसमज आहेत आणि आमच्या आतही आहेत. श्वेतांबर तिला संथारा म्हणतात. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान हायकोर्टाने तिला आत्महत्येच्या पंक्तीत बसवलं. देशभर जैन समाज रस्त्यावर आला. त्याच महिन्याच्या 31 तारखेला सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. मी त्या वादात शिरत नाही. मला त्या व्रताच्या अटी सांगायच्या आहेत. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त ती कधी घ्यावी ते सांगितलं आहे : संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग असा असावा की ज्यावर उपायच उरलेला नाही. म्हणजे उपाय आहे की नाही, हे त्या माणसाला आधी कळलं पाहिजे. निदान लपवलेल्या माणसाला हे व्रत घेताच येत नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’त सल्लेखनेसाठी ‘जोषिता’ असा शब्द आहे. जोषिता म्हणजे प्रीतीने स्वीकारणारा. पूज्यपादांनी त्यावरच्या टीकेत हा शब्द का निवडला ते सांगितलं : मनातून प्रीती नसेल तर बळाने कोणाकडून सल्लेखना करवता येत नाही. लवकर मरावं ही इच्छासुद्धा या व्रतात दोष धरली आहे आणि अजून जगावं ही इच्छासुद्धा. भीती आणि घाई या दोन्हींपासून मोकळी झालेली संमती इथे अपेक्षित आहे. कोणत्याही न्यायालयाने याहून कडक अट घातलेली मला ठाऊक नाही.

म्हणूनच 2025 साली शेजारच्या इंदूरमध्ये एका अगदी लहान, असाध्य आजाराच्या मुलीला संथारा दिल्याची बातमी आली आणि ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, तेव्हा मी अनेक रात्री अस्वस्थ होतो. त्या आईवडिलांच्या दुःखावर निवाडा देणारा मी कोण? आपलं लेकरू डोळ्यांदेखत जाताना माणूस ज्याचा हात सापडेल तो धरतो. पण श्रावक म्हणून मला हे म्हणणं भाग आहे की ज्या जिवाला अजून ‘जोषिता’ होण्याइतकं वयच नाही, त्याच्या वतीने दुसरा कोणी प्रीतीने स्वीकारू शकत नाही. त्या लेकराला वेदना होऊ नयेत, नको त्या नळ्या लागू नयेत, आईच्या कुशीत तिनं जावं, हे सगळं आईवडील ठरवू शकतात. व्रत नाही. माझ्या काही धर्मबांधवांना हे आवडणार नाही. मी ते मोठ्या आदराने आणि पूर्ण विचाराने बोलतो आहे.

माझ्या कपाटातल्या बाटल्या

दुसऱ्यांना उपदेश करून झाला. आता माझं कपाट उघडतो. आमच्या होमिओपॅथीत सेपिया नावाचं औषध आहे, बायकांच्या तक्रारींत फार वापरतात. ते कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईपासून करतात. एपिस हे अख्ख्या मधमाशीपासून. कॅन्थरिस एका किड्यापासून. लॅकेसिस सापाच्या विषापासून. कॅल्केरिया कार्ब शिंपल्यापासून. आणि ही सगळी औषधं अल्कोहोलमध्ये तयार होतात.

मी कितीतरी वर्षं जैन बायकांना सेपिया दिली, माळकरी आजोबांना एपिस दिलं, रोजे ठेवणाऱ्या मुसलमान शेजाऱ्यांना अल्कोहोलमधले थेंब दिले. एकालाही सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणे, ‘पोटेन्सी एवढी वर गेली की मूळ पदार्थाचा कणही उरत नाही.’ हे खरं आहे, बाराव्या शतांश पोटेन्सीच्या पुढे हिशेबाने तो उरत नाही. पण श्रोतेहो, कण उरत नाही म्हणून मी धर्माच्या बाजूने सुटतो आणि नेमका त्याच वाक्याने औषधाच्या बाजूने अडकतो. विज्ञानाची माणसं हेच तर विचारतात की काही उरत नाही तर गुण कशाचा? रुग्णाला सांगायचं असेल तर ही दोन्ही टोकं सांगायला हवीत. आणि पुन्हा, माशी मेली ती मेलीच. कारित आणि अनुमोदित तिथे आहेच.

एक दिवस एका श्राविकेने बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, मी नाहीच म्हटलं असतं असं नाही. पण मला विचारायला हवं होतंत.’ त्या दिवसापासून मी विचारतो. औषध कशाचं आहे ते सांगतो, वनस्पतीचं किंवा क्षाराचं दुसरं चालेल का ते पाहतो. आणि जिथे माझ्या गोळ्यांचं काम नाही, तिथे ते पहिल्याच भेटीत सांगतो. ‘ही गाठ दाखवून घ्या, माझ्याकडे वेळ घालवू नका’ हे वाक्यही संमतीचाच भाग आहे. ते न बोलणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी रुग्णाचे महिने खाल्लेले मी पाहिले आहेत.

ॲलोपॅथीवाल्यांनीही फार हसू नये. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. रक्त पातळ करणारं हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात. हृदयाच्या काही झडपा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींच्या असतात. जीव वाचत असेल तर बहुतेक जण ‘चालेल’ म्हणतात, त्यांच्या धर्मातही त्याला वाट असते. पण ‘चालेल’ हे त्यांनी म्हणायचं असतं.

ज्यांना कोणी विचारत नाही

आपण निदान प्रश्न विचारू शकणारी माणसं आहोत. इंदूरमध्ये औषधांच्या चाचण्यांचं प्रकरण आठवा. आपल्यावर नव्या औषधाचा प्रयोग चालू आहे हे आपल्याला कळलंच नाही, असं कितीतरी रुग्णांचं म्हणणं होतं. फुकट चांगलं औषध मिळतंय, डॉक्टर देवमाणूस आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच 2012 साली सुप्रीम कोर्टात गेला. नियम बदलले. प्रयोगात घेतल्या जाणाऱ्या दुर्बळ गटांतल्या माणसांची संमती ध्वनिचित्रमुद्रित करणं सक्तीचं झालं. पुढे 2019 मध्ये चाचण्यांचे नवे नियमही आले. आपल्या माळव्यातल्या गरिबांच्या अंगठ्यांमुळे सगळ्या देशाचा नियम बदलला, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायला हवी.

2014 साली बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात बायका दगावल्या. त्यानंतर 2016 मध्ये देविका बिस्वास खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की बाईला तिच्या भाषेत नीट समजावून सांगा, मगच तिची संमती धरा. तिच्या भाषेत! हा साधा शब्द आहे. कुक्षी-मनावरच्या भिलालीत ‘गुंतागुंत होण्याची शक्यता’ कसं सांगायचं, याचा विचार किती जणांनी केला आहे? साहित्याच्या मंडळात मी हा विषय घेतला तो यासाठीच. संमती हा शेवटी भाषेचा प्रश्न आहे. तुम्ही भाषेची माणसं आहात.

कुमारजींचं उदाहरण

देवासमध्ये बोलताना कुमार गंधर्वांचं नाव घेतल्याशिवाय उठता येत नाही. 1948 साली ते क्षयाने आजारी होऊन इथल्या कोरड्या हवेसाठी आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पंचविशीच्या आतल्या, गाणं हाच श्वास असलेल्या माणसाला सांगितलं की गाऊ नका. सुमारे पाच वर्षं ते गप्प राहिले. पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हाचं नवं औषध कामाला आलं आणि ते पुन्हा गायले. मला यात एवढंच दिसतं की फुफ्फुस किती बिघडलं आहे हे डॉक्टर सांगू शकतो. त्या फुफ्फुसाने पुढे काय करायचं, गाणं नसलेलं दीर्घ आयुष्य किती मोलाचं, हे एक्स-रेवर दिसत नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं. प्रत्येकाचं काही ना काही गाणं असतंच. माझ्या आईचं कारंज्याला जाणं होतं.

मग काय करायचं

तुम्ही म्हणाल, ‘डॉक्टर, आपल्याकडे सगळ्यांनाच सत्य ऐकायचं नसतं.’ बरोबर आहे. कितीतरी माणसं म्हणतात, ‘मला काही सांगू नका, काय ते मुलाला सांगा.’ मी याला कमी लेखत नाही. सोपवणं हाही एक निर्णय आहे, आणि आपल्या एकत्र कुटुंबाची ती ताकद आहे. मात्र सोपवणं वेगळं आणि हिरावून घेणं वेगळं. आजोबांनी स्वतः ‘मुलाला सांगा’ म्हटलं तर त्यांनी सोपवलं. मुलाने परस्पर ठरवलं तर त्याने हिरावलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सही मुलाचीच असते.

म्हणून एक साधा प्रश्न मी आता प्रत्येक गंभीर रुग्णाला एकांतात विचारतो : ‘तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? आणि बाकीचं मी कोणाला सांगू?’ बहुतेकांना याचं उत्तर देता येतं. पुष्कळांना ते आधीच ठाऊक असतं. ते आपल्याला जपण्यासाठी गप्प असतात.

दुसरं, धडधाकट असतानाच घरात बोलून ठेवा. 9 मार्च 2018 रोजी सुप्रीम कोर्टाने शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपण मुलीच्या लग्नाचे दागिने वीस वर्षं आधी करतो. हा कागद करायला मात्र अमंगळ वाटतं. अरुणा शानबाग यांची आठवण ठेवा. 1973 सालच्या हल्ल्यानंतर त्या 2015 पर्यंत केईएमच्या खाटेवर होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचं, हे 2011 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ठरवावं लागलं. कारण त्यांना स्वतःला काय हवं असतं, हे कोणाला विचारता येत नव्हतं.

मी स्वतः तो कागद केला आहे. मुलांना बसवून वाचून दाखवला. धाकटी मुलगी रडली. मोठा मुलगा म्हणाला, ‘बाबा, आत्ता कशाला?’ मी म्हटलं, ‘आजीला विचारायचं राहून गेलं म्हणून.’

आणि शेवटचं. इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी आज कोणी आजारी असेल, तर आज रात्री घरी गेल्यावर त्यांच्या खोलीत जा, दार जरा लोटून घ्या आणि विचारा. मावशीकडे जायचं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. थंडी संपण्याची वाट पाहू नका.

 माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर आमच्या रिवाजाप्रमाणे मन, वचन आणि कायेने आपली क्षमा मागतो.